काच राखणारा चिमाजी

मोशीच्या चिमाजीइतका भित्रा माणूस इंद्रायणीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडला नसता. ही काही त्याची बदनामी नव्हे. तो स्वतःच कुणालाही बिनदिक्कत सांगायचा. विहिरीत तो वाकून पाहत नसे, पाणी शेंदताना मान दुसरीकडे करून दोर ओढी. कुत्रं दिसलं की वाट बदली. तलाठी गावात आल्याचं कळलं की काही केलेलं नसतानाही तो गोठ्यात जाऊन बसायचा. त्याच्या बायकोनं, कौशल्याबाईनं, लग्नानंतर वर्षभरातच हे सगळं ओळखलं आणि घरातले विंचू मारायचं काम आपल्याकडे घेऊन टाकलं.

त्याचा धाकटा भाऊ ज्योतीराम नेमका उलटा. पुराच्या पाण्यात सूर मारावा तर त्यानंच, आणि मारक्या बैलाला वेसण घालावी तर त्यानंच. आई पटकीनं गेली तेव्हा ज्योतीराम रांगत होता. चिमाजीनंच त्याला खांद्यावर वागवून मोठा केला. धाकट्यानं चिंचेच्या शेंड्याला जायचं आणि थोरल्यानं खाली उभं राहून लटलट कापायचं, अशी ती वर्षं गेली. चिमाजीची निम्मी भीती स्वतःसाठी नव्हतीच, ती ज्योतीरामसाठी होती. गाव हसण्यात इतकं रमलेलं की एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात दोघे भाऊ चिंचवड स्टेशनपलीकडच्या माळावर कामाला लागले. ज्योतीराम सायकल हाणायचा आणि चिमाजी मागं कॅरिअरवर डोळे मिटून बसायचा. माळावर लोखंडाचे भाग ठोकून घडवायचा एक कारखाना उभा राहत होता. त्यासाठी परदेशातून एक अजस्र घण यायचा होता. तो लालभडक लोखंडावर दिवसभर आदळत राहणार, तेव्हा त्याच्याखाली पायाही तसाच दांडगा हवा. म्हणून जमिनीत मोठा खड्डा घेऊन त्यात काँक्रीटचा एक ठोकळा ओतायला घेतला होता. त्याच्यावर मोशीची चावडी आरामात बसली असती.

या ठोकळ्याच्या पोटातून एक अरुंद भुयार ठेवलं होतं. घण चालू असताना त्याचे बोल्ट खालून पाहायचे, ढिले पडले तर आवळायचे, यासाठी एक माणूस रोज त्या भुयारात बसणार होता. नोकरी कायमची आणि कंपनीची. इंजिनिअरसाहेबांनी ती ज्योतीरामला कबूल केली होती. ज्योतीराम तर हवेतच होता. त्यानं मोठा पाना कुठून तरी पैदा करून घरी आणला आणि येत्याजात्याला दाखवू लागला. चिमाजीनं एकदा भुयाराच्या तोंडाशी उभं राहून आत नजर टाकली आणि तो चार पावलं मागं सरला. वर एवढा डोंगर, डोंगरावर दणके घालणारा घण, आणि खाली त्याचा भाऊ. त्या रात्री त्याला भाकर गेली नाही.

इंजिनिअर यशवंतराव तिशीच्या आतबाहेरचे होते. सावकाश बोलायचे, मजुरालाही समजावून सांगायचे. सिमेंटला पाणी लागलं की ते आपोआप तापतं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. घराच्या भिंतीचं काही नसतं, तिची धग वाऱ्यावर निघून जाते. पण एवढ्या ठोकळ्याच्या पोटातली धग महिनामहिना आत कोंडून राहते. बाहेरची कातडी निवते, आकसते. पोट मात्र तापून फुगलेलंच. मग कातडी तडकते. तसं होऊ नये म्हणून खडी चटयांच्या सावलीत ठेवायची, तिच्यावर पाणी शिंपडायचं, माल पहाटेच्या गारव्यात ओतायचा, एक थर निवल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही, आणि कालवायच्या पाण्यात बर्फ टाकायचा. बर्फाच्या लाद्या पुण्याहून ट्रकमधून भुशात गुंडाळून यायच्या. वैशाखाच्या उन्हात सिमेंटला बर्फ आणि आम्हाला रांजणातलं कोमट पाणी, म्हणून कामावरच्या बायका नाकं मुरडायच्या.

मधल्या थराच्या दिवशी तो ट्रक वाटेत बंद पडला. पोचला तेव्हा सूर्य माथ्यावर होता आणि भुशातून नुसतं पाणी ठिबकत होतं. थर निम्मा ओतून झालेला. थांबावं तर थरात कच्चा सांधा राहतो, ओतावं तर माल तापलेला. साहेबांनी टोपी काढून अर्ध्या थरावर हात ठेवून पाहिला. मग म्हणाले, "ओता." चिमाजी पाट्या देणाऱ्यांच्या रांगेत होता. साहेबांचा चेहरा त्याला बरा दिसला नाही, पण त्यानं तो विचार झटकला. साहेबलोकांना भीती वाटत नसते, अशी त्याची पक्की समजूत होती. सगळी भीती आपल्याच वाट्याला आल्यावर त्यांना कुठून उरणार?

ठोकळा पुरा झाला आणि थोड्याच दिवसांत भुयाराच्या तोंडाशी तडा दिसला. जाडीला केसाएवढा, पण कमरेएवढ्या उंचीवरून निघून सरळ भुयाराच्या छतात शिरलेला. साहेबांनी गुडघ्यावर बसून तो नखानं चाचपला.

"पोटातली धग उतरली की बहुतेक हा थांबेल," ते म्हणाले. "थांबला तर काळजी नाही, भरून घेऊ. पण सरकत राहिला तर आरपार जाईल. मग घणाखाली हा ठोकळा टिकायचा नाही."

तडा थांबला की चालतोय, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून कामावरच्या इम्तियाज मिस्त्रीनं तड्यावर आडवी एक पातळ काचेची पट्टी ठेवून तिची दोन्ही टोकं प्लास्टरनं पक्की चिकटवली. तडा जरा जरी हलला तरी काच तुटणार. आता तिच्यावर नजर ठेवायला आणि ठोकळ्यावरची गोणपाटं ओली राखायला माणूस हवा होता. साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि चिमाजीवर बोट ठेवलं.

"भित्र्या माणसाला डुलकी लागत नाही," ते म्हणाले. सगळे हसले. ज्योतीराम सगळ्यात मोठ्यानं हसला.

चिमाजी मात्र त्या दिवसापासून माणसातून उठला. दर थोड्या वेळानं तो काचेसमोर जाऊन उभा राही. शाबूत दिसली की सुटकेचा श्वास टाकी, आणि पाठ फिरवली की वाटे, आत्ता तुटली. पाठीमागं कुठं खट्‌ वाजलं की धावत परत येई. ठोकळ्यावर हात ठेवला तर तो ऊन लागायचा, सावलीतसुद्धा, पहाटेसुद्धा. आत काहीतरी धुमसतंय आणि त्याला बाहेर यायचंय, असं त्याला वाटायचं. तो हात पटकन मागं घेई.

"अवं, काचंकडं बघू बघू डोळं खोल गेलं तुमचं," कौशल्याबाई म्हणाली.

"ती तुटली तर ज्योतीबाची नोकरी जाती," चिमाजी म्हणाला. "आन् ती तुटायची ऱ्हायली, पर आतून ठोकळा फुटला, तर ज्योतीबाच जातो. म्या काय मागू देवाला, सांग."

कौशल्याबाईला म्हसोबा आठवला. त्या माळावर पूर्वी म्हसोबाचा शेंदूर फासलेला दगड होता. कामासाठी जागा साफ करताना तो उचलून पार कुंपणापलीकडं नेऊन ठेवलेला. नारळ कुणी दिला होता का त्याला, तिनं विचारलं. चिमाजीला आठवेना. दिला नसणारच. आता त्याला सगळा उलगडा झाला, आणि उलगडा झाल्यानं तो दुप्पट घाबरला.

अवसेच्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी कामावर पोचला. नारळ कमरेच्या धोतरात लपवलेला. साहेबांना असले प्रकार खपायचे नाहीत. खरं तर नारळ कुंपणापलीकडच्या दगडापुढं फोडायचा, पण देवाला नेमकं कशाबद्दल गाऱ्हाणं आहे ते कळावं, म्हणून चिमाजीनं तो तड्यापाशीच फोडायचं ठरवलं. भुयाराच्या तोंडाशी उभा राहून त्यानं डोळे गच्च मिटले. म्हसोबाची माफी मागितली, ज्योतीरामचं नाव घेतलं, आणि दोन्ही हातांनी नारळ ठोकळ्यावर आपटला.

डोळे उघडले तेव्हा नारळाची दोन शकलं पायाशी होती, पाणी काँक्रीटवरून ओघळत होतं, आणि काच मधोमध तुटलेली होती.

चिमाजी खाली बसला. नारळाच्या दणक्यानं तुटली की आधीच तुटली होती? येताना त्यानं काचेकडं पाहिलंच नव्हतं. महिनाभर ज्या काचेवरून नजर हलली नाही, तिच्याकडं त्या एका सकाळी तो नारळ लपवायच्या नादात पाहायचं विसरला. आता जगात कुणालाच ते कळणार नव्हतं.

साहेबांना सांगावं? काय सांगावं? नारळ फोडला म्हणून? ते म्हणतील काच तुटली म्हणजे तडा चालतोय, ठोकळा फोडा. मग नोकरी ज्योतीरामची जाईल आणि आपलीही, आणि गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. लांबून मजुरांचे आवाज येऊ लागले. चिमाजीचं डोकं चालायचं थांबलं होतं, पण हात आपोआप चालू लागले. इम्तियाज मिस्त्रीची पेटी तिथंच कोपऱ्यात होती. तिच्यात काचेच्या पट्ट्या होत्या, प्लास्टरचा डबा होता. त्यानं तुटलेली काच खरवडून काढली, चिमूटभर प्लास्टर नारळाच्याच पाण्यात कालवलं आणि नवी पट्टी चिकटवून टाकली. नारळाची शकलं धोतराच्या ओच्यात लपवली.

इम्तियाज मिस्त्री आला आणि सवयीनं काचेपाशी वाकला. प्लास्टरवरून बोट फिरवून म्हणाला, "चिमाजीभाऊ, हे ओलं कसं लागतंय?"

"गोणपाटाचं पाणी उडालं," चिमाजी म्हणाला. तो लगेच गोणपाटावर आणखी पाणी मारू लागला.

मिस्त्रीनं त्याच्याकडं पाहिलं. चिमाजी नेहमीच घामाघूम आणि पांढराफटक असायचा, त्यामुळं आज वेगळं असं काही दिसायला वाव नव्हता. मिस्त्री पेटी उचलून गेला. भित्रेपणाचा एवढा एकच फायदा चिमाजीला जन्मात झाला.

पण त्या दिवसापासून भीतीची जातच बदलली. आधी तो काच तुटेल म्हणून भीत होता. आता ती तुटत नाही म्हणून भिऊ लागला. प्लास्टर लावणं हे काही त्याचं काम नव्हतं. एक टोक नीट धरलंच नसलं तर? मग तडा कितीही सरको, काच आपली जागच्या जागी साजरी दिसणार. बोटानं दाबून पाहावं तर हातात निघून यायची धास्ती. त्यानं कधी दाबून पाहिलं नाही. पाऊस आला, गेला. ठोकळा हाताला गार लागू लागला. साहेब आठवड्याला येऊन काच पाहायचे, मान डोलवायचे. शेवटी एक दिवस त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की धग उतरली, तडा थांबला, पाया ठणठणीत आहे. तडा भरून घेतला, काच मात्र खूण म्हणून तशीच ठेवली. मजुरांना गूळ वाटला. चिमाजीच्या हातातला गूळ तसाच वितळला.

घण आला, बसला. पहिला घाव घालायच्या दिवशी माळावर मांडव पडला. पुण्याची बडी मंडळी मोटारींतून उतरली, त्यांच्या गळ्यात झेंडूचे हार पडले. ज्योतीराम नव्या खाकी कपड्यात, पाना खांद्यावर टाकून भुयाराच्या तोंडाशी उभा होता. पहिल्या घावाला बोल्ट कसे राहतात ते खालून तोच पाहणार होता. दादाला पाहून त्यानं डोळा मारला.

ते पाहिलं आणि चिमाजीचा धीर सुटला. तो तसाच साहेबांकडं गेला. उभ्या आयुष्यात तो आपणहून कुठल्या साहेबापुढं गेला नव्हता.

"सायेब, वाईच इकडं या."

बाजूला नेऊन त्यानं सगळं सांगून टाकलं. नारळ, मिटलेले डोळे, दुसरी काच. सांगताना त्याची बोबडी वळत होती, पण राहिलं काही नाही. सांगून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. साहेब ओरडतील, हाकलतील, पण घण थांबवतील. साहेबांचं कामच ते.

यशवंतरावांनी ज्योतीरामला वर मंडपात काहीतरी निरोप देऊन पाठवलं आणि चिमाजीला घेऊन भुयारापाशी उतरले. काचेचं डावं टोक त्यांनी अंगठ्याच्या नखानं उचकून पाहिलं. ते टोक प्लास्टरातून अलगद उचललं गेलं. ते सुटंच होतं, पहिल्या दिवसापासून. इतके महिने ती काच काहीच राखत नव्हती.

चिमाजीनं साहेबांकडं पाहिलं. साहेबांचे ओठ पांढरे पडले होते. वरून सनईचा आवाज येत होता. त्यांनी एकदा वर पाहिलं, एकदा तड्याच्या भरलेल्या रेषेकडं पाहिलं. मग अंगठ्यानं ते सुटं टोक परत जागच्या जागी दाबून बसवलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "वाढला असता तर दिसला असता."

"आज नगं सायेब. दुसरी काच लावून बघा. महिनाभर थांबा."

"वर सगळे जमलेत, चिमाजी. त्या दिवशी बर्फ नसताना माल कुणी ओतायला लावला, हे विचारतील मला." त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि प्लास्टर लागलेला अंगठा पुन्हा पुन्हा पुसला. "तू कुणाला बोलू नकोस."

चिमाजी आजवर ज्या ज्या गोष्टींना भ्याला होता, त्या सगळ्या या एका गोष्टीपुढं काहीच नव्हत्या. साहेबांनाही भीती वाटत होती. त्याच्याइतकीच. म्हणजे भिऊन ज्याच्याकडं धावत जावं असं वर आता कुणीच उरलं नव्हतं. त्याला रडू फुटणार होतं, पण त्याच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"मंग ती नोकरी मला द्या. ज्योतीबाला नगं."

साहेब लगेच "बरं" म्हणाले. इतक्या लगेच, की चिमाजीला समजलं हा कशाचा सौदा आहे.

ज्योतीराम परत आला तेव्हा साहेबांनी त्याच्याकडं न पाहताच सांगितलं, "पाना दादाकडे दे. भुयारात तो जाईल. तुला भट्टीवर घेऊ."

ज्योतीरामला आधी थट्टाच वाटली. तो दादाकडं पाहून हसला. दादा हसला नाही, नुसता हात पुढं करून उभा राहिला. मग ज्योतीरामचा चेहरा उतरत गेला. "दादा, तू मागितलीस?" त्यानं विचारलं.

"व्हय," चिमाजी म्हणाला.

ज्योतीरामनं पाना त्याच्या पायाशी टाकला आणि निघून गेला.

चिमाजी पाना उचलून आत शिरला. भुयारात त्याला ताठ उभंही राहता येत नव्हतं. पाठ भिंतीला लावून तो बसला आणि दोन्ही तळवे त्यानं तड्याच्या रेषेवर ठेवले, जणू धरून ठेवल्यानं काही होणार होतं. वर टाळ्या वाजल्या. मग घाव पडला. आवाज कानांनी नाही, दातांनी ऐकू आला. छतावरून बारीक धूळ त्याच्या डोक्यावर पडली. तो मोठ्यानं ओरडला, पण ते कुणाला ऐकू जाणार नव्हतं. दुसरा घाव पडला, तिसरा पडला. ठोकळा जागेवर होता. चिमाजीचं धोतर ओलं झालं होतं, आणि तोही जागेवरच होता.

ठोकळा पुढंही कधी फुटला नाही. साहेब वर्षभरात बदली घेऊन दूर गेले. चिमाजी मात्र त्या भुयारात केस पांढरे होईपर्यंत बसला. लोक म्हणायचे, कंपनीनं चिमाजीला मर्द केला. कसलं काय. रोज पाळीला खाली उतरताना तो मनात म्हसोबाला हाक मारायचा. पहिल्या घावाला तो रोज डोळे मिटायचा आणि उघडले की आधी रेषेवर बोट फिरवायचा. ही सवय व्हायची गोष्टच नव्हती.

ज्योतीरामनं पुढच्याच दिवाळीत चूल वेगळी केली. भट्टीवरच्या धगीनं त्याची कातडी करपली, नोकरी कायम व्हायला फार वर्षं गेली, आणि दादाशी तो कामापुरतंही बोलेनासा झाला.

"एकदा सांगून टाका त्याला," कौशल्याबाई म्हणायची.

"सांगितलं तर हसंल. म्हनंल, एवढंच व्हय, आन् पाना घिऊन सोता खाली उतरंल," चिमाजी म्हणायचा. "मी वळखतो त्याला."

एकदा गावच्या देवळापाशी कुणीतरी थोरल्या भावाचं कौतुक ज्योतीरामपुढं काढलं. चिमाजी पलीकडं पारावरच बसलेला होता, आणि ते ज्योतीरामला दिसत होतं. तो मुद्दाम आवाज चढवून म्हणाला, "दादा भित्रा, हे खरं हाय. पर माझ्या तोंडातला घास काढून घ्यायला त्यो न्हाई भ्याला."

सगळे चिमाजीकडं पाहू लागले. चिमाजीनं मान वर करून भावाकडं पाहिलं. ज्योतीराम रागानं लाल झाला होता, हातवारे करत होता, त्याचं पोट सुटलं होतं, कानशिलावरचे केस पिकायला लागले होते. चिमाजीला तो फार बरा दिसला. पाळीची वेळ झाली होती, म्हणून तो उठला.